४०० केव्ही टॉवर लाईनवाल्यांची सर्व्हिस : ५ पैकी १ स्टार

आमच्या शिवारातून ४०० केव्हीची (किलोव्होल्ट, म्हणजे फार मोठ्या दाबाची) नवीन विजेची लाईन काढायची ठरलीय आणि गेल्या दिवाळीपासून आम्ही त्या कंपनीशी भांडतोय. सोलापूर जिल्हा, गावात द्राक्ष आणि ऊस. कंपनीचं नाव लिहीत नाही, सुनावणी चालू आहे. मिसळीचा रिव्ह्यू असतो, मोबाईलचा असतो, पण टॉवरवाले शेतकऱ्याला कशी सर्व्हिस देतात हे कुणी लिहीत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं, उद्या ज्याच्या बांधावर खुंटा पडेल त्याला उपयोगी पडेल.

सुरुवातच वाईट. सकाळी बागेला पाणी द्यायला गेलो तर तिघं जण मशीन लावून उभे आणि बागेच्या तिसऱ्या ओळीत लाल खुंटा ठोकलेला. विचारलं कोण तुम्ही, तर "काका, सर्व्हे आहे, सरकारी काम आहे." घरी नोटीस नाही, ग्रामपंचायतीत पत्र नाही, तलाठी भाऊसाहेबांना फोन केला तर त्यांनाही पत्ता नाही. नंतर कळलं की पेपरात जाहिरात येऊन गेली होती, गावांच्या लांबलचक यादीत आमचं गाव, अक्षर इतकं बारीक की माझ्या वडिलांना चष्मा लावूनही वाचता आलं नाही. त्या तिघांतला एक पोरगा मात्र चांगला होता, नकाशा उघडून लाईन कुठून जाते ते त्यानं बोट ठेवून दाखवलं, आमच्या वस्तीचं अंतर मोजून दिलं. एक स्टार त्याचा.

आता पैशाचं बघा. जमीन संपादित होत नाही, सातबारा आपल्याच नावावर राहतो, हे कंपनीचा माणूस पहिल्या मिनिटाला सांगतो आणि आपल्याला बरं वाटतं. पण नावावर राहून करायचं काय? टॉवरचे चार पाय धरून जागा जाते दोनेक गुंठे. तारांखालचा पट्टा ४०० केव्हीला साधारण ४६ मीटर रुंद धरतात. माझ्या शेतातून लाईन २०० मीटर जाणार, म्हणजे ९,२०० चौरस मीटर, म्हणजे सव्वादोन एकराला थोडी जास्तच. त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, आंबा नारळ लावायचा नाही, असलेली झाडं तोडणार. बोअरची गाडी तिथं उभी करायची तर भीतीच, तिचा लोखंडी खांब किती वर जातो ते सगळ्यांना माहितीय. द्राक्षाचा मांडव म्हणजे सगळं लोखंडी अँगल आणि तार, वरच्या लाईनमुळं त्यात करंट उतरतो, शेजारच्या गावात जुन्या २२० केव्हीखाली बाग असलेले आण्णा सांगतात की पावसाळ्यात तारेला हात लागला की झिणझिण्या येतात आणि बायका तिथं काम करायला तयार होत नाहीत. अर्थिंग नीट केलं तर त्रास कमी होतो, पण ते कुणी करून द्यायचं, कागदावर कुठंच लिहिलेलं नव्हतं. उसाचं पाचट पेटवायचं नाही ते वेगळंच, धुरानं आणि आगीनं लाईन ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते.

ऑक्टोबर २०१५ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं सूचना काढल्या होत्या, टॉवरच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के भरपाई आणि पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के. १४ जून २०२४ ला त्या बदलल्या, टॉवरला २०० टक्के, पट्ट्याला ३० टक्के. सूचना आहेत, कायदा नाही, राज्य स्वीकारेल तसं चालतं. पण आमच्याकडं आलेला माणूस बैठकीत जुनेच आकडे सांगत होता! पुतण्यानं मोबाईलवर नवीन पत्र काढून दाखवलं तेव्हा म्हणतो "वरून विचारून सांगतो." पंधरा दिवसांनी परत आला, ते सगळ्यांना एकत्र बसवून सांगायचं सोडून एकेकाच्या घरी, संध्याकाळचा, आणि प्रत्येकाला वेगळा आकडा. सख्ख्या भावांत त्यावरून बोलणं बंद झालंय. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे, पैसे कमी दिल्याचा नाही एवढा.

आम्ही विजेच्या विरोधात नाही हो. ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर ७६५ केव्ही लाईन सुरू झाली आणि दक्षिण भारताचं ग्रीड, म्हणजे विजेच्या लाईनींचं जाळं, देशाच्या ग्रीडला जोडलं गेलं, ती आपल्याच जिल्ह्यातून गेलीय, त्याचा अभिमान आहे. आम्ही फक्त म्हटलं की गायरान आणि ओढ्याच्या कडेनं घ्या, वस्ती आणि बागा सुटतात. उत्तर आलं की तिकडून तीन ठिकाणी वळण येतं, वळणाचा टॉवर जड असतो, खर्च वाढतो. म्हणजे त्यांचा खर्च वाचतो तो आमच्या बागेतून.

ज्यांच्याकडं हे येणार आहे त्यांनी एवढं करा. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचे अधिकार वीज कायदा २००३ च्या कलम १६४ खाली या कंपन्यांना मिळतात, त्यामुळं आपली संमती लागत नाही असं ते सांगतात आणि ते खरं आहे, पण त्याच टेलिग्राफ कायद्याच्या कलम १० मध्ये नुकसान कमीत कमी करायचं आणि पूर्ण भरपाई द्यायची असंही लिहिलंय, ते ते सांगत नाहीत. अडवलं तर प्रकरण कलम १६ खाली कलेक्टरकडं जातं, तिथं मार्ग बदलायचं लेखी द्या, नुसतं ओरडून उपयोग नाही. भरपाई कमी वाटली तर १६(३) खाली जिल्हा न्यायाधीशांकडं जाता येतं. बाग, झाडं, विहीर, बोअर, पाईपलाईन यांची नोंद आत्ताच पीकपाहणीत करून घ्या, तारखेसहित फोटो काढा, पंचनामा तुमच्यासमोर झाल्याशिवाय सही करू नका, कोऱ्या कागदावर तर अजिबात नाही. आमच्यातल्या दोघांनी केली आणि आता त्यांच्या पंचनाम्यात १४० झाडांची ६० झाली आहेत.

खुंटा अजून तिसऱ्या ओळीतच आहे, आम्ही उपटलेला नाही, उपटला तर केस आपल्यावर येते. सुनावणीची पुढची तारीख नेमकी द्राक्षाच्या एप्रिल छाटणीत पडलीय, तरी घरटी एक माणूस जायचं ठरलंय, बायका पण येणार आहेत, दोन ट्रॅक्टर काढलेत.