स्नॅपसीड: पावसाळी हिरव्याला लगाम घालणारं ॲप

पावसाळ्यातल्या गोव्याचा फोटो एडिट करायचा म्हटलं की बहुतेकांचं बोट आधी सॅच्युरेशनवर, म्हणजे रंगाच्या गडदपणावर जातं. मला ते पटत नाही. जुलैत मांडवीतल्या चोडण बेटावरची शेतं मुळातच इतकी हिरवी असतात, आणि फोनचा कॅमेरा त्यात आपल्या पदरचा आणखी थोडा रंग घालतो. त्यावर आपण अजून चढवला की शेताचं शेतपण जातं. मी रंग उतरवते, आणि त्यासाठी फोनवर स्नॅपसीडइतकं सोयीचं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

कारण एकच, त्यातलं 'सिलेक्टिव्ह' हे टूल. भातावर बोट टेकवून बिंदू ठेवायचा, दोन बोटांनी वर्तुळ लहान-मोठं करायचं. त्या वेळी जेवढं लाल दिसतं तेवढ्यावरच परिणाम होतो. मग बोट उभं सरकवून सॅच्युरेशन निवडायचं आणि आडवं सरकवून उणे वीसच्या आसपास आणायचं. गंमत म्हणजे शेताला लागून चिऱ्यांची भिंत असली तरी तिचा तांबडा रंग जवळजवळ तसाच राहतो, कारण हे टूल बिंदूखालच्या रंगाशी जुळणारा भागच शोधतं. हिरवं जरा मागे सरलं की ओला चिरा आपोआप पुढे येतो.

क्रॉपच्या बाबतीत मी निर्दय आहे. पावसाळी आभाळ कोरं पांढरं असेल तर त्याला फोटोत जागा देऊन काय करायचं? क्षितिज वरच्या कडेजवळ आणायचं, खाली खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन, तिचा बांध, जमलं तर मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दारही. अशा आडव्या पसाऱ्याला १६:९ हे रुंदी-उंचीचं प्रमाण शोभतं. हरवळ्याच्या धबधब्याला मात्र उभाच फोटो हवा, बाजूची झाडी बेधडक कापावी.

विजेच्या तारा? 'हीलिंग'ने पुसता येतात, पण मी पुसत नाही. बांधावरून खांब जातात तर फोटोतही जावेत. उजेड-सावलीतले बारकावे ठसठशीत करणाऱ्या 'एचडीआर स्केप' फिल्टरला मी हात लावत नाही. ढगांच्या डोळ्यांत काजळ घातल्यासारखं दिसतं. कुणाला आवडत असेल, आवडो.

ॲप फुकट आहे, जाहिराती नाहीत. मूळचं निक सॉफ्टवेअरचं, २०१२ पासून गुगलकडे. केलेला प्रत्येक बदल 'व्ह्यू एडिट्स'मध्ये राहतो, त्यामुळे रात्री अतिउत्साहात केलेलं सकाळी कमी करता येतं. लॅपटॉपवर शेकडो फोटो एकदम हाताळणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये, हे एकेक फोटो घेऊन बसणाऱ्यांचं काम.

छापून घेणार असाल तर प्रमाण आधीच ठरवा. फोनचा फोटो सहसा ४:३ असतो आणि ६ × ४ इंची प्रिंट ३:२. म्हणजे फोटो पूर्ण रुंदीत बसवला तर उंचीचा नववा भाग जाणारच. कुठला, ते तुम्ही ठरवलं नाही तर लॅबवाला ठरवतो. रायबंदरच्या धक्क्यावरून काढलेल्या माझ्या एका फोटोत त्याने खालची कड उडवली, आणि फेरीबोटीचा उतरता फळा, ज्याच्यासाठी फोटो काढला होता, तोच गेला. आता मी स्नॅपसीडमध्येच ३:२ कापून देते आणि पावतीवर 'क्रॉप करू नये' असं लिहून घेते.