इओसिनोफिल की न्यूट्रोफिल? दम्याचा डोस वाढवण्याआधी

इनहेलर रोज, योग्य पद्धतीने घेऊनही दमा आटोक्यात येत नसेल, तर डोस वाढवण्याआधी डॉक्टरांना एक गोष्ट जरूर विचारा: श्वासनलिकेतली सूज कुठल्या पांढऱ्या पेशींमुळे आहे?

बहुतेकदा त्या इओसिनोफिल असतात. आयएल-५ या प्रथिनाच्या इशाऱ्यावर त्या अस्थिमज्जेत वाढतात, श्वासनलिकेत जमतात आणि आपल्या पोटातली विषारी प्रथिनं तिथे ओततात. आतलं अस्तर सोलवटून निघतं. अशा रुग्णाच्या बेडक्यात सूक्ष्मदर्शकाखाली कधी कधी दोन्ही टोकांना निमुळते स्फटिक दिसतात, तेही याच पेशींच्या प्रथिनाचे. इनहेलरमधल्या स्टेरॉइडमुळे इओसिनोफिल लवकर मरतात, म्हणून त्याचा गुण येतो. तरीही अटॅक येतच राहिले, तर इंजेक्शनं आहेत: आयएल-५ला अडवणारं मेपोलिझुमॅब दर 4 आठवड्यांनी, किंवा पेशीच संपवणारं बेनरालिझुमॅब, पहिल्या 3 डोसांनंतर दर 8 आठवड्यांनी. मेपोलिझुमॅब आधी पेशी न पाहता सरसकट दिलं, तेव्हा फारसा फरक पडला नव्हता. इओसिनोफिल वाढलेले रुग्ण निवडून दिल्यावर अटॅक कमी झाले, हे 2009 मध्ये दिसलं. पेशी ओळखण्याचा माझा आग्रह आहे तो यामुळेच.

न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा दमा जास्त हट्टी. धूम्रपान, प्रदूषण, जंतुसंसर्ग, लठ्ठपणा यांच्याशी त्याचा संबंध आढळतो. स्टेरॉइडने या पेशी मरत नाहीत, उलट जास्त जगतात. मग स्टेरॉइडच्या गोळ्या वाढवत नेल्या तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते आणि धाप तशीच राहते. इथे सिगारेट सुटणं सगळ्यात मोलाचं. काही रुग्णांना अझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक आठवड्यातून 3 वेळा, अनेक महिने देतात. त्याआधी ईसीजी काढावा आणि श्रवणशक्ती तपासावी. नेमकं या पेशींवरचं औषध अजून हाती नाही.

सुरुवात साध्या सीबीसीने, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीने होते. रिपोर्टमध्ये टक्के नव्हे, इओसिनोफिलची प्रत्यक्ष संख्या बघा: एका मायक्रोलिटर रक्तातल्या एकूण 8,000 पांढऱ्या पेशींपैकी 5 टक्के म्हणजे 400. 300च्या वर आकडा असेल तर इओसिनोफिलकडे बोट जातं, 150च्या खाली शक्यता कमी होते. मात्र स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना तो खाली येतो आणि पोटात जंत असले तर चढतो, त्यामुळे एकाच रिपोर्टवर महिनोन् महिन्यांचे उपचार ठरवू नयेत. न्यूट्रोफिलचा अंदाज रक्तावरून नीट येत नाही. त्यासाठी बेडक्याचीच तपासणी लागते. निकाल येईपर्यंत चालू इनहेलर मनाने बंद करू नका.