चितार ओळी चौक मेट्रो स्टेशन: वर पाच स्टार, खाली गल्लीत दोन

आमचं घर नागपूरच्या चितार ओळीत. वडील मूर्तिकार होते, आता भाऊ तेच काम करतो. खाली कारखाना, वर आम्ही राहतो. आई 76 वर्षांची आहे. तिच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला दर महिन्याला शंकर नगरला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. मेट्रोबद्दल इथे जे लिहिते आहे ते या फेऱ्यांच्या अनुभवावरून.

आधी गाडीबद्दल. सीताबर्डी ते प्रजापती नगर हा टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला आणि मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन आमच्या दारापर्यंत आली. हीच गाडी पुढे लोकमान्य नगरला जाते, त्यामुळे शंकर नगरसाठी सीताबर्डीला बदलावी लागत नाही. लिफ्ट आहे, बसायला जागा मिळते, आईला धक्का लागत नाही. ऑटोने जायचो तेव्हा ती घरी येऊन दुपारभर पडून राहायची. आता आल्यावर चहा मांडते. पहिल्या दिवशी स्टेशनची पाटी पाहून ती जिन्यापाशीच थांबली. “पाय बाई, आपल्या ओळीचं नाव लिहिलं वर.” चितारी लोकांची ओळ म्हणून चितार ओळी. नव्या स्टेशनला तेच जुनं नाव दिलं याचा आम्हाला फार आनंद आहे.

आता खालची वाट. घरापासून स्टेशन मला सहा मिनिटांचं, आईला घेऊन वीस-बावीस. फुटपाथ मधेच संपतो, पुढे विजेची डीपी (लोखंडी पेटी), मग उभ्या गाड्या, मग नालीवरचा फुटलेला ढापा. आई एका हाताने माझा खांदा धरते आणि दुसऱ्या हाताने भिंत चाचपत येते. लिफ्टपाशी पोचलो की तिला हायसं वाटतं, पण लिफ्टपाशी पोचायचं हेच तिच्यासाठी मोठं काम.

आणि रस्त्याची उंची. आमच्या उंबऱ्यासमोर काळ्या दगडाच्या दोन पायऱ्या होत्या, आजोबांच्या वेळच्या. डांबरावर डांबर चढत गेलं, एक पायरी गेली. सिमेंट रोड झाला, दुसरीही गेली. आज रस्ता उंबऱ्याच्या चार बोटं वर आहे. मागच्या जुलैत रात्री जोराचा पाऊस आला आणि पाणी थेट कारखान्यात शिरलं. कच्ची मूर्ती म्हणजे तणस आणि माती, ती खालून पाणी पिते. आधी आसन फुगतं, मग पायाची बोटं गळून पडतात. भाऊ गुडघाभर चिखलात बसून पाटांखाली विटा सरकवत होता आणि आई जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी एकेका मूर्तीचे पाय टिपत होती. अकरा मूर्ती गेल्या. ऑर्डर घेतलेल्या होत्या, त्या पुन्हा उभ्या केल्या.

असं का होतं ते गल्लीतलं लहान पोरही सांगेल. रस्ता एका खात्याचा, नाली दुसऱ्याची, नळाची लाइन तिसऱ्याची, केबल चौथ्याची. सिमेंट पडलं आणि तीन महिन्यांत नळासाठी पट्टा फोडला. वर गिट्टी टाकून बुजवला, तो अजून तसाच आहे. चौघांनी एका कागदावर एकच नकाशा काढला असता तर नाली आधी खोल झाली असती आणि रस्ता उंबऱ्याच्या खालीच राहिला असता. मला नियोजन म्हणजे एवढंच कळतं, आणि एवढं झालं तरी खूप आहे.

जुन्या वस्तीतून मोठं काम काढणं नागपूरला नवीन नाही. नागपूर सुधार प्रन्यास ही शहर सुधारणेची सरकारी संस्था 1936 सालच्या कायद्याने आली. तिच्या योजनेतूनच जुन्या वस्त्यांमधून सीए रोड (सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू) निघाला. आज त्याच रस्त्यावरून मेट्रो जाते. मोठा रस्ता दर वेळी आधी होतो, आतल्या ओळी मागे राहतात. मेट्रोच्या दोन्ही बाजूंना 500 मीटरच्या पट्ट्यात वाढीव एफएसआयचं, म्हणजे प्लॉटवर जास्त बांधकाम करू देण्याचं, धोरण आहे, पण त्याचा पुरता फायदा रुंद रस्त्यावरच्या मोठ्या प्लॉटला होतो. आमच्याकडे घरांना समाईक भिंती, समोर दहा-बारा फुटांची गल्ली. चार-पाच घरं एकाने विकत घेऊन टॉवर उभा केला तर मूर्ती कुठे वाळवायच्या? या कामाला तळमजला लागतो, रस्त्याकडे उघडणारं दार लागतं, मांडवापुरती जागा लागते. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दहा फुटांची दुर्गा होत नाही. घरं सुधारा, पण माणूस त्याच्या धंद्यासकट तिथेच राहील असं सुधारा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मागणी फार नाही. स्टेशनपासून गल्लीच्या तोंडापर्यंत सलग फुटपाथ, सगळे ढापे धड, पुढचा थर घालण्याआधी जुना उकरून काढायचा, आणि माल चढवण्या-उतरवण्याची वेळ ठरवून द्यायची. दुपारी ठेले आणि टेम्पो समोरासमोर आले की अर्धा तास कुणीच हलत नाही. अशा वेळी आत अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची झाली तर? शेजारच्या काकांना आम्ही खुर्चीत बसवून सीए रोडपर्यंत उचलून नेलं होतं.

स्टेशनला पाच स्टार, तिथवरच्या वाटेला दोन. ते दोनसुद्धा कोपऱ्यावरच्या ई-रिक्षावाल्या दादांसाठी, आईला पाहिलं की ते रिक्षा अगदी दारात आणतात.

पोळ्यापासून गणेश चतुर्थीपर्यंत ओळीत मूर्ती पाहायला येणार असाल तर गाडी घरी ठेवा, मेट्रोने या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे मोठमोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, असते, त्या दिवशी इतवारी-महालात पाय ठेवायला जागा नसते, म्हातारी माणसं आणि लहान लेकरं सोबत असतील तर दुसरा दिवस निवडा. सकाळी दहाच्या आत आलात तर रंगकाम निवांत पाहता येतं. आमच्या गल्लीत शिरताना उजवीकडे नालीवर लाकडी फळी टाकलेली दिसेल. तिच्यावर पाय देऊ नका, खाली ढापा नाही.