"दोन तासाच्या वर खेळू नको भावा" म्हणाला आणि मी ऐकलं

लाज वाटते लिहायला पण लिहितो. इन्स्टावरून स्वस्तात कॉम्प्युटर गेम घ्यायच्या नादात एकूण गेले ३,५५० रुपये. आधी २,६५० आणि मग ९००. ते ९०० कशाचे ते पुढे येईलच, बायको त्याच्यावर अजून हसते. रक्कम फार नाही हे मलाही कळतं, लोकांचे लाखानं जातात, पण ज्या नियमावर मला गंडवलं तो नियम मला तोंडपाठ होता, म्हणून जास्त जळतंय.

स्टीम म्हणजे पीसीवरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान, त्याचा रिफंड नियम पीसीवर खेळणाऱ्या सगळ्यांना माहितीये. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत, कारण काहीही द्या. २०१५ च्या जूनमध्ये आला हा नियम, त्याआधी घेतला की गळ्यात. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने स्टीमवाल्या व्हॉल्व्हला याच रिफंडवरून कोर्टात खेचलं होतं, २०१६ च्या डिसेंबरात ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड बसला. हे सगळं मी आमच्या ऑफिसच्या गेमिंग ग्रुपवर दर सेलला लोकांना ऐकवायचो. ग्राहकाचे हक्क वगैरे. असला शहाणा मी.

तर झालं असं की एक नवीन आलेला मोठा गेम ४,९९९ ला होता. आता पगारदार माणसाने, घराचा हप्ता चालू असताना, पाच हजार गेमवर घालायचे म्हणजे घरात तोंड कसं दाखवणार. क्रॅक करून, म्हणजे चोरीचा गेम खेळायचं मी कॉलेजनंतर सोडलंय, तेवढी तरी नियत आहे. मग इन्स्टावर एक पेज दिसलं, तोच गेम, २,६५० ला, वेगळ्या स्टीम अकाउंटवर, "फुल अ‍ॅक्सेस". पेजवर हायलाइटमध्ये "प्रूफ" म्हणून वीसेक स्क्रीनशॉट, मिळाला भावा, थँक्यू भाई, एकदम जेन्युइन. आणि पोरगा मराठी बोलणारा. मी सांगलीचा म्हणलं तर तो म्हणे मी कोल्हापूरचा, काय टेन्शन घेऊ नको भावा. झालं, विरघळलो. हिंदीत बोलला असता तर कदाचित दोन प्रश्न जास्त विचारले असते, खरं सांगतो.

यूपीआय केलं तर नाव आलं कुठल्यातरी बाईचं. विचारलं. म्हणाला आईचं खातंय. इथे थांबायला पाहिजे होतं, पण आपणही आईच्या खात्यावर पैसे मागवलेत की कधीतरी. (पैसे घेणाऱ्याचं नाव आणि बोलणाऱ्याचं नाव एक नसेल तर तिथंच फोन ठेवा. आईचं, मित्राचं, दुकानाच्या पार्टनरचं, काहीही सांगतात.)

दहा मिनिटांत लॉगिन आणि पासवर्ड आला, कोड आला, गेम खरंच लायब्ररीत, म्हणजे अकाउंटवरच्या गेमच्या यादीत. मी लगेच मेसेज टाकला, "मिळाला भावा, थँक्स". मग त्याचा मेसेज आला, तो मी आता पाठ म्हणून दाखवू शकतो. "भावा पहिला आठवडा दोन तासाच्या वर खेळू नको, नवीन अकाउंट हाय, जास्त चाललं की सिस्टिम ऑटो फ्लॅग करती, संशय घेती. आठवड्यानं तुझा मेल टाकून देतो, मग खेळ बिनधास्त."

दोन तास!! अरे गाढवा, दोन तास. जगात हा आकडा कुणाला माहीत असेल तर मला. मी स्वतः एक हॉरर गेम १ तास ५२ मिनिटांवर बंद करून परत केलेला आहे, गेम चांगला होता, शेवटपर्यंत बघून झाला होता, तरी केला. घड्याळ लावून खेळायचो. आणि त्या रात्री मी काय केलं, १ तास ४७ मिनिटं झाली तसा शाळेतल्या हुशार मुलासारखा गेम बंद केला आणि झोपलो. उद्या कशाला रिस्क म्हणून. डोक्यात एकदाही आलं नाही की दोन तासाची अट रिफंडला असते, फ्लॅगबिगला नाही.

उकडत होतं, ऑफिसात रिलीज चालू होता, डोकं ठिकाणावर नव्हतं, ही माझी बाजू. आणि तो बोलायचाच इतक्या गोड.

तिसऱ्या दिवशी त्याने ९०० घेतले. कशाचे, तर "लाइफटाइम वॉरंटी". अकाउंट कधी गेलंच तर दुसरं फुकट देणार. मी दिले. बायको म्हणाली वॉरंटी मिक्सरला असते. बरोबर आहे तिचं.

सहाव्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून येऊन उघडलं तर लायब्ररी रिकामी. लॉगिन अजून चालू होतं म्हणून खरेदीचा हिशोब उघडला, तिथे गेमच्या नावाच्या वर सरळ लिहिलेलं, रिफंड. पूर्ण रक्कम, ज्या कार्डावरून आली त्याच कार्डावर. मी बघत असतानाच लॉगआउट झालो, पासवर्ड बदलला. मेल त्याच्याकडेच होता ना पहिल्यापासून. (मेल ज्याचा, अकाउंट त्याचं. पासवर्डला काडीची किंमत नाही.)

आता त्याचं गणित बघा. स्वतःच्या कार्डावर ४,९९९ ला घेतला, मला विकला, मला दोन तासाच्या आत अडकवून ठेवला, १४ दिवस व्हायच्या आत पैसे परत. ज्यांनी गेम बनवला त्यांना शून्य, मला शून्य, त्याला ३,५५०. पुढच्या आठवड्यात नवीन अकाउंट, नवीन गिऱ्हाईक.

स्टोअरच्या सपोर्टला लिहिलं, त्यांनी सांगितलं अकाउंट विकणं-घेणं नियमात बसत नाही. त्यांना काय बोलणार, नियम तसाच आहे, मीच नियमाबाहेर जाऊन घेतलेलं. १९३० या सरकारी सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली, त्यांच्या पोर्टलवर पण टाकली, तक्रारीचा नंबर मिळाला. (हे लगेच करा, पहिल्या तासा-दोन तासांत. मी लाजेपायी दीड दिवस घालवला, तोवर त्या बाईच्या खात्यातून पैसे पुढे गेले असणार.)

खरी गंमत त्यानंतर. बँकेत गेलो. काउंटरवरची मॅडम म्हणे पिन तुम्हीच टाकला ना सर, मग फ्रॉड कसा. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम मी वाचून गेलेलो, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य वगैरे, पण तो तुमच्या नकळत गेलेल्या पैशाला. मी तर स्वतःच्या हाताने दिले. हे तिने बरोबर सांगितलं, पण ज्या सुरात सांगितलं ना! निदान समोरच्या बँकेला कळवा म्हणलं तर फॉर्म दिला, फॉर्म भरला तर म्हणे एफआयआरची कॉपी जोडा.

एफआयआरसाठी पोलीस स्टेशनला. दीड तास बाकावर. मग हवालदारसाहेबांनी विचारलं, गेम म्हणजे रमी का? ते तर बंद झालं ना आता. म्हणलं साहेब, २०२५ च्या कायद्याने बंद झाले ते पैसे लावून खेळायचे, हा साधा कॉम्प्युटरवरचा. त्यांनी माझ्याकडे वरून खाली बघितलं आणि विचारलं, वय काय तुमचं? चौतीस. शेजारचे दोघं हसले. मग म्हणे जे विकायला परवानगीच नाही ते तुम्ही घेतलंत, तुमच्यावरच काही निघायचं, बघा बुवा. सायबरला जा. सायबरला गेलो तर रक्कम ऐकून म्हणाले स्थानिक स्टेशनलाच द्या. परत आलो तर साहेब बंदोबस्तावर. दोन अर्धे दिवस सुटी टाकली या धावपळीत, रिक्षाचेच ४२० झाले. ३,५५० साठी कोण करेल हे? कुणी करत नाही, म्हणून तर तो चारपाच हजाराच्या वर जातच नाही. चोराला आपल्या कंटाळ्याची किंमत बरोबर माहितीये.

त्या तक्रारीनंतर आठवड्यात एक फोन आला, तुमचा रिफंड मंजूर झालाय, क्यूआर स्कॅन करा. इथे मात्र नाही फसलो. पैसे यायला स्कॅन करावं लागत नाही, पिन टाकावा लागत नाही, कधीच नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. २०२१ मध्ये समर ऑफ ५८ नावाचा छोटा हॉरर गेम आलेला, दोन तासांहून छोटा, लोकांनी खेळून संपवून इतके रिफंड घेतले की बनवणाऱ्याने गेम बनवणं सोडतोय म्हणून जाहीर केलं. तेव्हा मी ग्रुपवर काय लिहिलं होतं, "मग मोठा बनवायचा ना, नियम आहे तो आहे". परवा ग्रुपवर माझी हकिकत सांगितली तर एकाने तोच जुना मेसेज शोधून खाली चिकटवला. दुसरं काही लिहिलं नाही त्याने. मी त्याला उत्तर दिलं की माझं वेगळं होतं, मी फक्त दोनतीनदाच केलं आणि कुणाच्या खिशातून काढलं नाही. मग ते डिलीट केलं.

पेज अजून चालू आहे, नाव बदललंय, शेवटी एक आकडा वाढवलाय. काल दुसऱ्या अकाउंटवरून बघितलं. प्रूफचा हायलाइट तोच, आता तीसेक स्क्रीनशॉट झालेत. सगळे पहिल्या दिवशीचे, सहाव्या दिवसाचा एक पण नाही. वरून तिसरा माझा आहे, "मिळाला भावा, थँक्स".