काटा मध्यावर, इंजिन मात्र उकळतंय

गेल्या राखीपौर्णिमेला कराडला बहिणीकडे निघालो होतो. धो धो पाऊस, काचांवर वाफ धरत होती म्हणून एसी चालू. खंबाटकी घाट उतरलो आणि टेम्परेचरचा काटा, जो गेली अकरा वर्षं मध्याच्या जरा खाली मुक्काम ठोकून होता, तो एकदम तळाला जाऊन पडला. पाठोपाठ चेक इंजिनची पिवळी लाइट. एसी बंद केला तरी रेडिएटरचा पंखा थांबेना, बॉनेटखाली नुसता घोंघावत होता.

काटा सांगतोय इंजिन गार आहे, मग पंखा कशासाठी एवढा पळतोय? हा प्रश्न मला तिथेच पडायला हवा होता. पडला नाही. मुलगी मागे विचारत होती, "बाबा, गाडी पेटणार का?" पुढे महामार्गालगत पहिलं गॅरेज दिसलं तिथे गाडी घातली.

मिस्त्री गोड बोलणारा. बॉनेट उघडलं, दोन मिनिटं बघितलं आणि मान हलवली. "साहेब, पाणी संपलं की तापमानाचा सेन्सर हवेत लटकतो. मग काटा पडणारच. हेड गॅस्केट गेलंय." हे गॅस्केट म्हणजे इंजिनात पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळू न देणारं सील. त्याच्या बोलण्यातलं पहिलं वाक्य खरं आहे, हे मला नंतर कळलं. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, फार कमी झालं की सेन्सरभोवती पाणीच उरत नाही आणि तो चुकीचं तापमान सांगू शकतो. पण माझ्या गाडीची कूलंटची बाटली दोन खुणांच्या बरोबर मध्ये भरलेली होती. मी ती बघितली होती, तरी बोललो नाही. समोरचा माणूस ठामपणे बोलायला लागला की आपण आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचं सोडतो.

मग त्याने ऑइलचं झाकण उघडून आतल्या बाजूला चिकटलेली पांढरट साय बोटाने काढून दाखवली. "हे बघा, ऑइलमध्ये पाणी." बायकोचा चेहरा उतरला. ही साय म्हणजे साठलेली दमट वाफ. पावसाळ्यात जी गाडी रोज चार किलोमीटर ऑफिसला जाते आणि परत येते, तिचं ऑइल नीट तापतच नाही, त्यामुळे झाकणाखाली अशी साय धरते. खरंच पाणी मिसळलं असतं, तर डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवरचं, ऑइलही दुधाळ चहासारखं दिसलं असतं. डिपस्टिक त्याने काढलीच नाही आणि मलाही काढ म्हणायचं सुचलं नाही.

"इंजिन खोललं तर चाळीस हजार. पण सणाचा दिवस आहे, तुमच्यासाठी रेडिएटर, वॉटर पंप आणि सेन्सर बदलून बघतो." त्याचे साधारण चौदा हजार. चाळीस ऐकल्यावर चौदा स्वस्त वाटतात. मी म्हणालो, "दादा, काय ते करा, पण ती लाइट बंद करा. बहीण जेवायची थांबलीय."

समोरच्या टपरीवर चहा, वडापाव, पुन्हा चहा. तीन तासांनी गाडी तयार. लाइट बंद, काटा जागेवर. रेडिएटर ६,५००, वॉटर पंप ३,२००, सेन्सर १,८००, कूलंट १,२००, मजुरी २,१००. एकूण १४,८००, तेही रोख, कारण "रेंज नाही साहेब". हिशेब वहीच्या फाटक्या कागदावर, गॅरेजचं नावसुद्धा नाही. जुने पार्ट मागितले नाहीत. ओवाळून घ्यायला चार वाजता पोचलो.

दिवाळीनंतर गाडी सकाळी रुसायला लागली. स्टार्टर तीन-तीनदा मारावा लागे. पेट्रोलही जास्त खात होती. वाटलं, म्हातारी झाली. मग एका संध्याकाळी सिंहगड रस्त्याच्या गर्दीत, थंडी म्हणून एसी बंद आणि काचा खाली, तर बॉनेटमधून वाफ. काटा बघतो तर शहाण्या मुलासारखा मध्यावर! इंजिन बंद केलं, गाडी ढकलत कडेला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीतला मिस्त्री घरी आला. गाडी रात्रभर उभी, इंजिन हाताला गार. त्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला, नुसती चावी फिरवली आणि मला मोबाइल दाखवला. आत येणाऱ्या हवेचं तापमान १७ अंश, कूलंटचं ७९. "काका, गाडीला ताप आलाय का?" तो हसत होता. मग गाडी चालू केली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, आकडा ७९ वरून एका अंशानेही हलला नाही.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप. ती बसते त्या जागेजवळ तापमानाचा सेन्सर असतो, दोन वायरींचा. त्याचं कनेक्टर काढलं तर त्यावर इन्सुलेशन टेपचे वेढेच वेढे. टेप सोडल्यावर आतून तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर, म्हणजे विजेला रोध करणारा सुटा भाग, निघाला, नारिंगी, नारिंगी, तपकिरी पट्ट्यांचा. म्हणजे रोध ३३० ओहम. सेन्सर गरम होईल तसा त्याचा रोध कमी होतो. साधारण २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. त्या भल्या माणसाने सेन्सर तोडून इसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, कायमचं सांगून ठेवलं होतं की इंजिन ८० अंशांवर आहे, सगळं छान आहे.

सकाळी इंजिन गार असताना इसीयू जास्त पेट्रोल सोडतो. इथे त्याला इंजिन तापलेलंच वाटे, म्हणून गाडी सुरू होईना. आणि इंजिन खरंच तापलं तरी पंखा लावायचं कारणच त्याला दिसत नव्हतं. पावसाळाभर निभावलं ते एसीमुळे, कारण एसीबरोबर पंखा फिरतोच. शिवाय महाशयांनी थर्मोस्टॅटही काढून टाकला होता, त्यामुळे इंजिन नेहमी थोडं गारच राही आणि पेट्रोल पीत राही. "आपल्याकडे त्याची गरज नाही" असं सांगून थर्मोस्टॅट काढणारे पुष्कळ भेटतील. ऐकू नका.

"नवा" रेडिएटर म्हणजे जुनाच, धुऊन वर काळा स्प्रे मारलेला. पंपाच्या बोल्टांवर वर्षानुवर्षांची माती तशीच थापलेली, पाना लागल्याची खूण नाही. आणि त्या दिवशीचा मूळ आजार? कनेक्टरच्या एका पिनवर हिरवा गंज. जोड तुटला की रोध एकदम वाढतो, इसीयूला ते उणे ४० अंशांसारखं दिसतं. ते अशक्य आहे हे त्याला कळतं, म्हणून तो खबरदारी घेऊन पंखा सतत चालू ठेवतो आणि लाइट लावतो. स्कॅनर लावला असता, तर पी ०११८ हा कूलंट सेन्सरच्या जोडणीतल्या बिघाडाचा कोड एका मिनिटात दिसला असता. नवं कनेक्टर, सेन्सर, थर्मोस्टॅट, खरं कूलंट आणि मजुरी धरून ३,४०० रुपये झाले.

आता डॅशबोर्डच्या कप्प्यात ब्लूटूथचा छोटा स्कॅनर ठेवतो, हजाराच्या आत येतो. कुठल्याही गॅरेजमधून गाडी आली की दुसऱ्या सकाळी, चालू करायच्या आधी, दोन आकडे बघतो. कूलंट आणि हवा यांत दोन-चार अंशांपेक्षा जास्त फरक दिसला की काहीतरी गडबड आहे. काम सुरू होण्याआधी कोड दाखवायला सांगतो, जुने पार्ट डिकीत टाकून घेतो. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार करायचा विचार केला होता, पण नाव नसलेला कागद आणि रोख पैसे, दाखवणार काय?

त्या मिस्त्रीचा नंबर मात्र मोबाइलमध्ये होता. फोन लावला, रेझिस्टरचं सांगितलं. तो जराही गडबडला नाही. "साहेब, तुम्हीच म्हणाला होता ना, लाइट बंद करा म्हणून? झाली की नाही बंद?"

म्हणालो तर होतोच.