घोडबंदर रोडवरचा 7 कोर्सचा मेक्सिकन मेन्यू: जेवण घ्या, वाइन पेअरिंग सोडा

लग्नाला 15 वर्षं झाली म्हणून नवऱ्याने टेबल बुक केलं, शनिवार-रविवार फुल होते म्हणून गुरुवारचं. आता याचा गुरुवार असतो, म्हणजे नॉनव्हेज नाही, दारू नाही, आणि हे साहेबांच्या लक्षात कधी आलं तर बुकिंगचे पैसे भरून झाल्यावर. मग ठरलं की तो व्हेज मेन्यू घेईल आणि गाडी चालवेल, मी नॉनव्हेज प्लस वाइन. माझी काही तक्रार नव्हती.

जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, पुढे थोडं वाईट बोलणार आहे आणि तिथली पोरं खरंच मेहनती आहेत. नौपाड्यातून निघालो, मेट्रोच्या कामात अडकत अडकत 8 च्या टेबलाला 8:25 ला पोचलो, कोणी तोंड वाकडं केलं नाही, याचे मार्क आधीच देऊन टाकते. माणशी 4,200, वाइन पेअरिंगचे, म्हणजे पदार्थांना जुळणाऱ्या वाइनच्या ग्लासांचे, 2,600 वेगळे.

मेक्सिकन म्हणजे नाचोजवर चीज ओतलेलं असं डोक्यात असेल तर ते टेक्सासकडचं प्रकरण, इथे चीज पाचव्या कोर्सपर्यंत दिसलंच नाही. सुरुवात आगुआचिलेने, म्हणजे कच्ची कोळंबी, लिंबू आणि हिरव्या मिरचीच्या पाण्यात जरा वेळ ठेवलेली, वर काकडी आणि कांद्याचे कागदासारखे काप. आईला सांगितलं की कोळंबी कच्ची खाल्ली तर ती आठवडाभर फोनवर पोट कसंय विचारेल, पण ताजी होती, दाताखाली मस्त लागत होती. याच्याबरोबर नाशिकची शेनिन ब्लाँ, म्हणजे व्हाइट वाइन, गार आणि किंचित गोडसर, एकदम बरोबर बसली. मला वाटलं चला, वाइनवाल्याला कळतंय. नवऱ्याला त्याच पाण्यात निवडुंगाच्या फोडी आल्या, नोपाल म्हणतात, थोड्या भेंडीसारख्या बुळबुळीत, त्याने संपवल्या पण परत मागणार नाही म्हणाला.

मग टॉर्टिया, म्हणजे मक्याची पोळी. हे मला नीट सांगायचंय. एक मुलगी ट्रॉलीवर तवा घेऊन टेबलाशी आली, पिठाचा गोळा प्लास्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून लाकडी प्रेसमध्ये दाबला, तव्यावर टाकला, उलटला, परत उलटला आणि तो फुलक्यासारखा टम्म फुगला. वास आला तो ओळखीचा, पण कुठला ते आठवेना, दोन घास झाल्यावर डोक्यात आलं, आजीची पानाची डबी! चुना! विचारलं तर म्हणाली हो, मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी सालं सुटतात, मग धुऊन वाटायचा. त्या चुन्यामुळेच पीठ धरून राहतं, आपली मक्याची भाकरी थापताना कडेला कशी चिरा जाते, हे घडी घातली तरी मोडत नव्हतं. आणि नुसती चव नाही, मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागायला हा चुना लागतो, युरोपात मका गेला पण चुन्याची युक्ती गेली नाही, तर फक्त मक्यावर जगणाऱ्या गरीब लोकांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या कमतरतेचा रोग, व्हायला लागला. नवरा म्हणाला, "म्हणजे आजीकडे चुना होता, फक्त मक्यापर्यंत पोचली नाही." तीन खाल्ल्या, नुसत्या, मीठ लावून.

त्यातल्याच एकीत वीतलाकोचे होतं, म्हणजे मक्याच्या कणसावर धरलेली काणी, एक बुरशी. गावाकडे काका असलं कणीस दिसलं की उपटून जाळायचे, तिकडे बाजारात विकत घेतात. मशरूमसारखं लागतं, रंग शाईसारखा. ठीक.

मोले मात्र कमाल. जवळजवळ काळा रस्सा, तीन जातीच्या सुक्या मिरच्या, तीळ, शेंगदाणे, जाळलेली टॉर्टिया आणि शेवटी थोडं चॉकलेट, जे गोड लागतच नाही, नुसता कडवटपणा देतं. मोले हा शब्द तिकडच्या नाहुआत्ल भाषेतल्या मोल्लीवरून, म्हणजे सॉस, गुआकामोलेतलं मोलेपण तेच. माझं चिकनवर होतं, याचं फ्लॉवर आणि रताळ्यावर. पहिला घास घेऊन हा गप्प, मग म्हणतो, "अगं, हे आपल्या काळ्या वाटणासारखं लागतंय, फक्त खोबरं नाही." खरंच तसं होतं, आणि असणारच ना, मिरची आपल्याकडे आली ती तिकडूनच, पोर्तुगीजांबरोबर. व्हेजवाल्यांनी एक करा, स्टॉक आणि चरबीचं विचारून घ्या, कारण मोलेत चिकनचं पाणी आणि तमालमध्ये, म्हणजे मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या गुंडाळ्यांमध्ये, डुकराची चरबी घालायची तिकडे पद्धतच आहे. इथे व्हेजचं भांडं वेगळं होतं, शेफ स्वतः येऊन सांगून गेला.

आणि अशा मोलेबरोबर यांनी दिली शिराझ ही रेड वाइन, तीही कोमट! ग्लास हातात घेतला तर चहा गार झाल्यावर कप लागतो तसा. मोले मुळात फार तिखट नव्हतं, पण वाइनचा घोट गेला की जिभेवर आग, मिरचीला अल्कोहोल भडकवतं आणि वरून त्या रेडचा तुरटपणा, दोन्हीचं वाटोळं. जरा बर्फात ठेवता का म्हटलं तर पोरगा म्हणे, "मॅम, रेड वाइन रूम टेंपरेचरलाच सर्व्ह करतात." अरे बाबा, ज्या रूमबद्दल ते बोलतात ती मे महिन्यातल्या ठाण्यातली नाही! 16-18 डिग्री म्हणजे रूम टेंपरेचर. माझ्या पहिल्या ग्लासात शेनिनचा घोटभर उरला होता तो मोलेबरोबर घेऊन बघितला, तर कितीतरी बरा लागला. म्हणजे योग्य बाटली त्यांच्याकडेच होती. शिवाय पाच ग्लास, प्रत्येकी 60 मिली, म्हणजे सगळं मिळून अर्धी बाटलीसुद्धा नाही, त्याचे 2,600. मेक्सिकन वाइन आहे का विचारलं, नव्हती, तिकडे 1597 पासून चालू असलेली वायनरी आहे हे त्या पोराला मीच सांगितलं, बिचारा वहीत लिहून घेत होता.

डेझर्ट त्रेस लेचेस, म्हणजे तीन प्रकारच्या दुधात भिजवलेला केक, चांगला होता, पण हल्ली तो कोपऱ्यावरच्या बेकरीतही मिळतो.

बिल टॅक्स धरून 12 हजाराच्या आसपास. सर्व्हिस चार्ज लावला होता, नको म्हटल्यावर न कुरकुरता काढला, त्या टॉर्टियावाल्या मुलीला आम्ही टीप हातात दिली. माझं ऐकाल तर मेन्यू घ्या आणि शेनिनचा एक ग्लास सुटा सांगा, बस. निघताना तिलाच विचारलं, पीठ विकता का? म्हणाली एक दिवस आधी फोन करा, अर्धा किलो बाजूला ठेवते. शनिवारचं सांगून आलेय.