यूएसडीए गृहकर्ज: ‘तुम्ही पात्र आहात, आधी फी भरा’ म्हणणाऱ्यांपासून जपा

अमेरिकेत डाउन पेमेंटशिवाय घर घ्यायचं म्हटलं की शहराबाहेर घर शोधणारी बरीच मराठी कुटुंबं यूएसडीए कर्जाची चौकशी करतात. योजना खरी आहे. अमेरिकेचं कृषी खातं (यूएसडीए) १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याच्या कलम ५०२ खाली ग्रामीण भागातल्या घरांसाठी ती चालवतं, आणि ज्यांना लागू पडते त्यांच्यासाठी फार चांगली आहे. तिच्या नावावर गंडा घालणं सोपं जातं ते यामुळेच.

“तुमची काउंटी (म्हणजे जिल्हा) ग्रामीण यादीत आहे, तुम्ही पात्र ठरलात, गॅरंटी फी भरून टाका.” फोनवरच्या या वाक्यातला ‘गॅरंटी फी’ हा शब्द खरा आहे, आणि माणूस तिथेच फसतो. ही फी कर्जाच्या १ टक्का असते, म्हणजे २,००,००० डॉलरवर सुमारे २,००० डॉलर. पण ती क्लोजिंगच्या वेळी, म्हणजे घराचा व्यवहार पूर्ण होताना, बँकेमार्फत खात्याकडे जाते आणि कर्जाच्या रकमेतही धरता येते. मंजुरीआधी झेलने (बँक खात्यातून लगेच पैसे पाठवायची सोय) किंवा गिफ्ट कार्डने मागितलेले पैसे कोणाच्या तरी खिशात जातात, खात्याकडे नाही. या हमीच्या कर्जात पैसे देणारी बँक, सरकार फक्त त्या बँकेला हमी देतं; कमी उत्पन्नवाल्यांसाठी खात्याचं थेट कर्ज वेगळं असतं. त्यामुळे तुम्ही थेट कर्जासाठी अर्ज केला नसेल तर ‘कृषी खात्यातून बोलतोय, कर्ज मंजूर झालंय’ हा फोनच मुळात खोटा.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. लोन एस्टिमेट (कर्जाच्या अटी आणि खर्चाचा अंदाज देणारा कागद) हातात पडून तुम्ही ‘पुढे जाऊ या’ म्हणेपर्यंत क्रेडिट रिपोर्टच्या माफक खर्चाखेरीज कोणतीही फी घेता येत नाही. लोन ऑफिसरचा परवाना क्रमांक एनएमएलएस कन्झ्युमर अ‍ॅक्सेस या परवान्यांच्या नोंदीच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. तोही दुसऱ्याचा चोरलेला असू शकतो, म्हणून त्याने दिलेल्या नंबरवर नव्हे, बँकेच्या संकेतस्थळावरच्या नंबरवर फोन करून तो माणूस तिथे आहे का ते विचारा.

आता पात्रतेचं. ‘अख्खी काउंटी पात्र’ हे बहुधा अर्धसत्य असतं. खातं काउंटीचं नाव नाही, घराचा पत्ता पाहतं. एकाच काउंटीत मोठ्या गावालगतचा भाग बाहेर आणि चार मैलांवरची वस्ती आत, असं सर्रास असतं. खात्याच्या नकाशावर पत्ता टाकला की दोन मिनिटांत कळतं, एक सेंट लागत नाही. ‘पात्रता प्रमाणपत्रा’चे पैसे मागणाऱ्याला तिथेच थांबवा.

व्हिसाबद्दल तर आपल्या लोकांना हमखास अंधारात ठेवलं जातं. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक चालतात. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला हे कर्ज मिळत नाही, मग पगार कितीही असो. हे पहिल्याच फोनवर न विचारता कागद आणि पैसे गोळा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

उत्पन्नाचा हिशेबही नीट समजून घ्या. मर्यादा साधारणपणे त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या ११५ टक्के असते आणि ती घरातल्या सगळ्या प्रौढांच्या उत्पन्नाला लागते. नवरा ग्रीन कार्डवर, बायको एच-१बी वर असेल तर कर्ज नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर होऊ शकतं. पण बायकोचा पगार मर्यादेत मोजला जातो, आणि ती कर्जावर नसल्याने हप्ता फेडायच्या क्षमतेत मात्र धरला जात नाही. ‘तिचा पगार दाखवूच नका’ हा सल्ला म्हणजे सरकारी अर्जात खोटं लिहिणं. सही तुमची असते, सल्लागाराची नाही.

सर्वांत मोठी रक्कम अर्नेस्ट मनीत, म्हणजे ऑफरसोबत दिलेल्या बयाण्यात, अडकते. मालकाने तुमचीच ऑफर घ्यावी म्हणून एजंट फायनान्स कंटिंजन्सी (कर्ज न मिळाल्यास ठेव परत मिळवून देणारं कलम) सोडायला लावतो, पुढे पत्ता नकाशाबाहेर निघतो, कर्ज नाकारलं जातं आणि ठेव मालकाकडे जाते. ते कलम करारात आहे आणि त्याची मुदत बँकेच्या वेळापत्रकाला पुरते, हे सहीआधी पाहा. या कर्जात बँकेच्या मंजुरीनंतर खात्याची मंजुरीही लागते, त्यामुळे दिवस जास्त जातात.

पैसे गेलेच असतील तर आधी आपल्या बँकेला फोन करा, त्याच दिवशी. मग एफबीआयच्या आयसी३ या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रार केंद्राकडे आणि सीएफपीबी या ग्राहकांच्या आर्थिक हक्कांच्या सरकारी संस्थेकडे तक्रार नोंदवा. सोशल सिक्युरिटी नंबर दिला असेल तर इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडे क्रेडिट गोठवा, म्हणजे तुमच्या नावावर नवं कर्ज काढणं अवघड होतं. २०१८ पासून ते फुकट आहे.